जुना संगणक, त्याचे कुलूप आणि आपल्या वह्या

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



 मी वक्ता नाही. बारामतीत संगणक दुरुस्तीचे छोटेसे दुकान चालवितो, एवढीच माझी ओळख. सेक्रेटरीसाहेबांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, शिक्षणाचे महत्त्व वगैरे माझ्यापेक्षा चांगले सांगणारे पुष्कळ आहेत. मला माझ्या धंद्यातलेच काही सांगू द्या. ते म्हणाले, सांगा, पण पालकांना कळेल असे सांगा. तो प्रयत्न करतो.

आपणांपैकी पुष्कळांचा व्यापार आहे. कोणी बागवान आहेत, कोणी तांबोळी, कोणाचे अत्तर-बांगड्यांचे दुकान, कोणाचे गॅरेज, कोणाची छपाई. १९९० नंतरच्या दहा-बारा वर्षांत बारामतीत, इंदापुरात, भवानीनगर-वालचंदनगरच्या पट्ट्यात ज्यांनी हिशोबासाठी प्रथम संगणक घेतला, त्यांनी तो बहुधा डॉसवर चालणारा घेतला. काळा पडदा, त्यावर पांढरी किंवा हिरवी अक्षरे, उंदीर नाही, चित्रे नाहीत. त्यावर आडतीचा हिशोब, पतसंस्थेच्या ठेवी, वजनकाट्याच्या पावत्या, दूध संकलनाचे पगारपत्रक अशी कामे चालत. असे प्रोग्रॅम पुण्यातले एक-दोन तरुण घरी बसून तयार करीत आणि विकीत. त्या प्रोग्रॅमबरोबर आगपेटीएवढी एक डबी येई. ती संगणकाच्या पाठीमागे, प्रिंटरची वायर जिथे लागते तिथे बसवायची आणि प्रिंटरची वायर तिच्या पाठीवर जोडायची. डबी काढली की प्रोग्रॅम बंद. तिला कोणी लॉक म्हणतात, कोणी डोंगल. मी तिला कुलूप म्हणतो.

या कुलपाची मला आठवण होण्याचे कारण असे घडले.

२०२२ सालच्या जून महिन्यात पहिल्या वळवाच्या पावसात इंदापूरकडे वीज पडली. दुसऱ्या दिवशी तिकडचे एक आडते, ज्यांना आम्ही सर्व चाचा म्हणतो, आपला संगणक पोत्यात गुंडाळून जीपमधून माझ्या दुकानात घेऊन आले. डाळिंब, केळी आणि पेरू यांची त्यांची आडत. वय सत्तरीच्या पुढे. १९९८ साली त्यांनी आडतीचा एक डॉस प्रोग्रॅम घेतला होता आणि तोच प्रोग्रॅम चोवीस वर्षे चालवीत होते. मी पेटी उघडून पाहिली. मदरबोर्ड जळला होता. मी म्हणालो, चाचा, ही मशीन संपली, नवीन घ्या, तासाभरात सगळे चालू करून देतो.

हे वाक्य मी फार सहज बोललो. त्याची किंमत पुढे तीन आठवडे मोजली.

नवा संगणक आला. त्यावर विंडोज १० होते, चौसष्ट बिटांचे. जुन्या डिस्कवरचा प्रोग्रॅम नव्यात उतरविला, सुरू केला, तर हा प्रोग्रॅम या संगणकावर चालू शकत नाही अशा अर्थाची पाटी आली. विद्यार्थी मित्रांनो, याचे कारण समजून घ्या, कारण दुकानात बसणाऱ्या पुष्कळ मुलांना ते ठाऊक नसते आणि ते सारखी तीच फाइल दाबून पाहत बसतात. डॉसचा प्रोग्रॅम सोळा बिटांचा. बत्तीस बिटांच्या विंडोजमध्ये अशा प्रोग्रॅमसाठी एक वेगळी खोली राखून ठेवलेली असे. चौसष्ट बिटांच्या विंडोजमध्ये ती खोलीच बांधलेली नाही, कारण प्रोसेसर स्वतः त्या पद्धतीने काम करीत असताना डॉससाठी लागणारी जुनी सोय देत नाही. म्हणजे हा सेटिंगचा दोष नव्हे. विंडोज ११, जे २०२१ साली आले, ते तर केवळ चौसष्ट बिटांचेच आहे. आणि बत्तीस बिटांत मिळणारे शेवटचे विंडोज १०, त्याची कंपनीकडून होणारी नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. पुढे जाण्याचा तो रस्ता बंद झाला असे समजा.

मग मी डॉसबॉक्स नावाचा प्रोग्रॅम घातला. २००२ पासून तो फुकट मिळतो. नव्या संगणकाच्या आत तो एक जुना संगणक उभा करतो. खऱ्या अर्थाने तो खेळांसाठी केलेला आहे, पण हिशोबाचा प्रोग्रॅमही त्यात सुरू झाला. काळा पडदा आला, आडतीचे नाव आले, चाचांचा चेहरा खुलला. आणि खाली एक ओळ आली की लॉक सापडत नाही.

सापडणार कसे? नव्या संगणकाला प्रिंटरचे ते पंचवीस टोकांचे जुने पोर्टच नव्हते. तेव्हा मी बाजारातून यूएसबीला लागणारी आणि दुसऱ्या बाजूला पंचवीस टोकांची अशी वायर मागविली. चाचांना म्हणालो, ही आली की झाले. वायर यायला आठ दिवस लागले. ती आली, लावली, लॉक सापडत नाही. वायर खराब असेल म्हणून दुसरी मागविली. पुन्हा आठ दिवस. तेही व्यर्थ. हा सर्व दोष माझा. त्या वायरीत काय घडते हे मी आधी वाचले असते तर एका म्हाताऱ्या माणसाला भर हंगामात ताटकळावे लागले नसते.

आता जे मी नंतर वाचले ते सांगतो. त्या जुन्या पोर्टाला पंचवीस टोके असतात. त्यांपैकी आठ माहिती बाहेर नेणारी, पाच प्रिंटरची हालहवाल आत आणणारी, चार हुकूम देणारी आणि उरलेली आठ जमिनीची. वीज देणारे टोक त्यात एकही नाही. मग कुलूप चालते कशावर? माहितीच्या तारांवर जो किंचित दाब असतो त्यावरच ते आपले पोट भरते. प्रोग्रॅम त्या तारांवर एक ठरावीक क्रमाचे आकडे पाठवितो. कुलूप त्याचे ठरावीक उत्तर परतीच्या तारांवर देते. उत्तर बरोबर आले तर दार उघडते. हे सर्व चालू असताना प्रिंटरला मात्र काही कळत नाही, कारण अक्षर छाप असा इशारा देणारी तार कोणी हलवीतच नाही. फार हुशारीचे काम आहे ते. १९८० च्या सुमारास इंग्लंडमध्ये वर्डक्राफ्ट नावाच्या एका लेखन-प्रोग्रॅमबरोबर अशी डबी प्रथम विकली गेली, आणि पुढे जगभर त्याचा धंदा झाला. अमेरिकेची रेनबो कंपनी सेंटिनेल नावाची कुलुपे करी, इस्राएलची अलादीन कंपनी हास्प नावाची. (नाव अलादीनचे, पण डबी घासून उपयोग नाही.) पुढे विकत घेण्या-देण्यात दोन्ही एकाच घरात गेल्या आणि आज त्यांचा वारसा फ्रान्सच्या थालेस कंपनीकडे आहे. ज्यांच्या डबीवर यांपैकी नाव आहे त्यांनी तिकडे ड्रायव्हर शोधावा. बिननावाची डबी असेल तर तो मार्ग नाही. चाचांची बिननावाची होती.

डॉसच्या काळात प्रोग्रॅम पोर्टाशी थेट बोले. पोर्टाचा पत्ता ठरलेला, सोळाच्या मोजणीत ३७८. आपल्या मार्केट यार्डात पूर्वी हमाल पाठीवर पोते घेऊन सरळ गाळ्यात शिरत असे तसे. विंडोज ९५ आणि ९८ पर्यंत हे चालले. २००१ साली विंडोज एक्सपी घरोघर आले तेव्हा गेटावर रखवालदार बसला. कोणत्याही प्रोग्रॅमला पोर्टाकडे थेट जाण्यास मनाई, ड्रायव्हर नावाचा पास असेल तरच प्रवेश. ही मनाई वाईट हेतूने नव्हती. एका बिघडलेल्या प्रोग्रॅममुळे सारी मशीन कोसळू नये म्हणून होती. परंतु १९९८ च्या प्रोग्रॅमजवळ पास कुठला असणार! आणि यूएसबीची ती वायर म्हणाल, तर तिला ३७८ हा पत्ताच नसतो. ती फक्त प्रिंटरशी बोलायला शिकलेली आहे. कुलपाचा प्रश्न तिच्यापर्यंत पोहोचत नाही आणि पोहोचला तरी तिला उत्तर आणता येत नाही. आजही ही वायर कुलपासाठी म्हणून सांगणारे विक्रेते भेटतात. पालकहो, घेऊ नका. आत बसविण्याचे जे पोर्ट-कार्ड मिळते ते बरे, पण तेही बहुधा वेगळाच पत्ता घेते, आणि केवळ ३७८ चे दार ठोठावणाऱ्या प्रोग्रॅमला ते दिसत नाही.

दरम्यान एक गृहस्थ चाचांना भेटले आणि म्हणाले, कुलूप कशाला शोधता, मी प्रोग्रॅमच फोडून देतो, कुलूप लागणारच नाही, अमुक पैसे द्या. चाचांनी मला विचारले. मी त्या दिवशी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. त्याबद्दल पुढे बोलेन.

मला खरी वाट चाचांनी दाखविली, आणि तीही नकळत. तिसऱ्या आठवड्यात ते दुकानात येऊन बसले. चहा घेतला नाही. म्हणाले, “बेटा, मशीन गेली तर जाऊ दे. प्रोग्रॅम गेला तर जाऊ दे. माझी वही तेवढी काढून दे. माझं येणं बुडालं तर बुडालं; पण माझ्याकडे कुणाचं देणं किती आहे ते मला कळलं पाहिजे. या वयात ते डोक्यावर घेऊन मी कुठं जाऊ?”

तोपर्यंत मी प्रोग्रॅम चालविण्याच्या मागे लागलो होतो. वही मागे राहिली होती.

आडतीचा धंदा ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे सांगायला नको. शेतकरी माल पाठवितो; माल विकला की हमाली, तोलाई, आणि २०१६ पर्यंत आडतही, वजा जाऊन त्याची पट्टी तयार होते. त्यातून पूर्वीची उचल कापली जाते. कोणी सारे पैसे नेतो, कोणी थोडे ठेवून जातो, कोणी चार वर्षे फिरकत नाही. हे सर्व खतावणीत नावाप्रमाणे चढते. ही खतावणी चोवीस वर्षे त्या डिस्कवर साठली होती. आणि त्या खतावणीला कुलूप होते काय? मी रात्री डिस्क पुन्हा जोडून पाहिली. कुलूप प्रोग्रॅमच्या फाइलला होते. तिच्या शेजारी, त्याच कप्प्यात, डीबीएफ आडनावाच्या पंधरा-वीस फाइली होत्या आणि त्या उघड्या होत्या. पेढीच्या दाराला भले मोठे कुलूप, आणि वह्या ओट्यावर!

हे चाचांचेच नशीब असे नाही. त्या काळी आपल्याकडचे पुष्कळसे हिशोबाचे प्रोग्रॅम डीबेस, क्लिपर किंवा फॉक्सप्रो यांत लिहिलेले असत, आणि हे तिघेही माहिती डीबीएफ याच साच्यात ठेवीत. त्या फाइलीच्या सुरुवातीलाच रकान्यांची नावे असतात: नाव, गाव, तारीख, वजन, भाव, नावे, जमा. पुढे एकाखाली एक नोंदी, सारख्या लांबीच्या. लिबरऑफिस नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम आजही ती फाइल सरळ तक्त्यासारखी उघडतो. त्याला कुलूप लागत नाही, डॉस लागत नाही. काही प्रोग्रॅमांनी माहितीही गुप्त लिपीत ठेवलेली असते हे खरे, पण आधी शेजारच्या फाइली पाहाव्यात आणि मग घाबरावे.

चाचांची नात कॉलेजात संगणकशास्त्र शिकते. मी तिला फाइली दिल्या. तिने तयार साधन न वापरता स्वतःच एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला, फाइल अक्षर-अक्षर वाचली आणि खात्यांच्या बेरजा काढल्या. १९९९ पासूनच्या मार्चअखेरच्या छापील खतावण्या चाचांनी कापडात बांधून ठेवल्या होत्या, टिपक्यांच्या प्रिंटरवर काढलेल्या, कडेला भोके असलेल्या. त्यांच्याशी तिने ताळा पाहिला तर जुळेना. काही खात्यांत रक्कम जास्त येत होती. मी म्हणालो, थोडा फरक राहणारच. ती म्हणाली, मामू, हिशोबात थोडा फरक म्हणजे काय? आणि दोन दिवसांनी तिने कारण शोधून काढले. डीबीएफमध्ये प्रत्येक नोंदीच्या आधी एक अक्षराची जागा असते. ती मोकळी असेल तर नोंद जिवंत. तिथे तारा, म्हणजे फुलीसारखी चांदणी असेल तर ती नोंद खोडलेली. खोडलेली नोंद लगेच नाहीशी होत नाही. सफाईचा हुकूम दिला जाईपर्यंत ती जागेवरच पडून असते. मुनीमजींनी चुकून दोनदा चढविलेल्या आणि मग खोडलेल्या पट्ट्या ही मुलगी बेरजेत धरीत होती. चांदणीच्या नोंदी सोडल्या आणि खतावणी पैशापर्यंत जुळली.

तिला मी त्या दिवशी माझ्या दुकानातली माझी खुर्ची दिली. विद्यार्थी मित्रांनो, यात फार मोठे शास्त्र नव्हते. थोडा फरक राहणारच हे वाक्य तिने मान्य केले नाही, एवढेच.

त्या यादीत निफाडची, सांगोल्याची, करमाळ्याची नावे निघाली. एक खाते २००९ पासून स्तब्ध होते. डाळिंबाच्या शेवटच्या पट्टीचे पैसे जमा होते आणि नेलेले नव्हते. चाचांना वाटत होते की ती रक्कम कधीच दिली गेली. चौकशी केली तेव्हा कळले की शेतकरी त्याच वर्षी वारला होता आणि घरच्यांना अशी काही रक्कम आहे हेच माहीत नव्हते. चाचा स्वतः एस.टी.ने त्या गावी गेले आणि त्या बाईंच्या हातात पैसे देऊन आले. आल्यावर मला फक्त इतके म्हणाले की रस्ता फार खराब आहे.

मशीनचेही सांगून टाकतो, कारण पुष्कळांना प्रोग्रॅम चालवावाच लागतो. बारामतीच्या भंगारवाल्याकडे मला पेंटियम ४ ची एक जुनी पेटी मिळाली, पाठीमागे खरे पोर्ट असलेली. चाचांची डिस्क तिच्यात घातली. तरी प्रथम कुलूप सापडेना! बायोसमध्ये जाऊन पाहिले तर पोर्ट नव्या, वेगवान पद्धतीवर ठेवलेले होते आणि पत्ताही वेगळा होता. पत्ता ३७८ केला, पद्धत सर्वांत जुनी आणि साधी निवडली, आणि प्रोग्रॅम उघडला. नव्या मदरबोर्डांपैकी काहींवरही अशा पोर्टासाठी सव्वीस खिळ्यांची जागा आत असते. बाहेर मात्र पोर्ट दिसत नाही. पट्टी आणून लावली की काम होते. नवी पेटी घ्यायचीच असेल तर हे आधी विचारा. आणखी एक रोग असा की काही प्रोग्रॅम वेगवान मशीनवर सुरू होतानाच पडतात आणि रनटाइम एरर २०० अशी ओळ दाखवितात. एका वजनकाट्यावर मी ती पाहिली. तिथे कुलपाचा दोष नसतो. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम सुरुवातीला मशीनचा वेग मोजतो. वेग त्याच्या कल्पनेबाहेरचा निघाला की त्याचा भागाकार चुकतो. यावर दुरुस्त्या उपलब्ध आहेत. आणि डॉसच हवे असेल तर फ्रीडॉस आहे. मायक्रोसॉफ्ट डॉस सोडून देणार असे दिसताच १९९४ साली जिम हॉल नावाच्या अमेरिकेतल्या एका कॉलेजविद्यार्थ्याने ते सुरू केले, आणि ते आजतागायत जिवंत आहे. २०२२ साली त्याची १.३ ही आवृत्ती निघाली.

आता मराठीचा एक प्रश्न. तो आमच्याकडे वारंवार येतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. डॉसवर मराठी कशी लिहीत असत? त्यासाठी जिस्ट नावाचे कार्ड होते. कानपूरच्या आय.आय.टी.त मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेले हे काम, १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर तिथे वाढले. हे कार्ड संगणकाच्या आत बसवीत आणि मग इंग्रजीसाठी केलेल्या डीबेससारख्या प्रोग्रॅममध्येही नावे देवनागरीत भरता येत. आपल्या महाराष्ट्राला अभिमान वाटावा असे ते काम होते. पण कार्ड ज्या खाचेत बसे ती खाच आजच्या मदरबोर्डवर नाही. कार्ड म्हणजे कुलूप नव्हे. परिणाम मात्र तोच. एका पतसंस्थेची सभासदांची यादी माझ्याकडे आली, आकडे सगळे ठीक, आणि नावांच्या जागी नुसत्या रेघा, चौकोन आणि परदेशी अक्षरे.

त्या अक्षरांमागे इस्की नावाचा भारतीय मानक संकेत होता, ज्याचे १९९१ चे रूप आय.एस. १३१९४ म्हणून प्रसिद्ध आहे. आजच्या युनिकोडमधला देवनागरीचा भाग इस्कीच्या १९८८ च्या रूपावरूनच रचला गेला. त्यामुळे हे भाषांतर शाळेतल्या मुलांना करता येते. इस्कीत क चा क्रमांक १७९, युनिकोडमध्ये २३२५. ख चा १८० आणि २३२६. माझ्याकडे सुटीत शिकायला येणाऱ्या दोन मुलांनी हे पाहिले आणि म्हणाले, सोपे आहे, प्रत्येक व्यंजनात २१४६ मिळवू. काना-मात्रांची यादी त्यांनी वेगळी केली. यादी छापली तर अहमद, हमीद ही नावे सोडाच, सलमा या सभासदाची हळमा झाली होती, आणि रशीदचा ऱषीद! कारण असे की इस्कीत य नंतर नुक्त्याचा य घातलेला आहे आणि युनिकोडने तो तिथून उचलून दुसरीकडे ठेवला आहे. म्हणून य पर्यंत २१४६ मिळवायचे आणि र पासून पुढे २१४५. एका नुक्त्याने निम्म्या सभासदांची नावे बदलली होती. मुले हसत होती. मी त्यांना म्हणालो, ठेवीदार हसणार नाहीत. मग त्यांनी बेरीज सोडली आणि अक्षरागणिक पूर्ण तक्ता केला.

उर्दू माध्यमाच्या शिक्षकांना यात आपलेही दिसेल. १९९४ साली आलेला इनपेज हा उर्दू लेखनाचा प्रोग्रॅम डॉसवरचा नव्हे, विंडोजवरचा. पण तोही कुलूप लावून विकला जाई. त्यात केलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि स्मरणिका कोणाकडे असतील तर कुलूप शाबूत आहे तोवर त्या युनिकोडमध्ये काढून घ्या. त्याचा विस्तार आज करीत नाही.

आता कुलूप फोडून देणाऱ्या त्या गृहस्थाची गोष्ट. माझे मत स्पष्ट सांगतो. ज्या तरुणांनी तो प्रोग्रॅम लिहिला त्यांची ती रोजीरोटी होती. एकाने घ्यायचा आणि दहा गाळ्यांनी फ्लॉपीवरून उतरवून घ्यायचा, हे आपल्याकडे सर्रास चाले. कुलूप लावले गेले ते आपल्याच वागण्यामुळे. तेव्हा कुलपाला शिव्या देण्याचा आपल्याला फारसा अधिकार नाही. पण प्रोग्रॅम विकणारा ग्राहकाच्या आधी दुकान बंद करील, हा विचार त्या वेळी कोणीच केला नव्हता, ना त्यांनी ना आपण. ज्याने पैसे मोजून प्रोग्रॅम घेतला, ज्याच्याजवळ डबी आहे, त्याने आपले काम चालू ठेवण्यासाठी खटपट करणे आणि दुसऱ्याचा प्रोग्रॅम फुकट वापरण्यासाठी कुलूप फोडणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

कायदाही हा भेद करतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कायदेशीरपणे प्रोग्रॅम बाळगणाऱ्यास नुकसानीपासून तात्पुरते संरक्षण म्हणून त्याची राखीव प्रत करता येते, ज्या कामासाठी तो दिला त्याच कामापुरती. २०१२ साली त्यात कलम ६५ क हे नवे आले. इंग्रजी प्रतीत ते ६५ ए आहे. हक्काचा भंग करण्याच्या उद्देशाने असे संरक्षण जो मोडील त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. कायद्याने मना न केलेल्या कारणासाठी केले तर ते कलम लागत नाही. मात्र असे काम दुसऱ्याला करून देणाऱ्याने त्या माणसाचे नाव, पत्ता आणि कारण यांची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे. मी वकील नाही; प्रसंग आला तर वकिलालाच विचारा. त्या गृहस्थाला मी चाचांसमोर एवढेच विचारले की तुमचे नोंदीचे रजिस्टर कुठे आहे. ते पुन्हा आले नाहीत.

ज्यांची जुनी मशीन अजून चालू आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. चालू आहे तोवरच बोलावा. बंद पडल्यावर आम्हीही हात चोळत बसतो. जुनी डिस्क काढून वायरीने नव्या संगणकाला जोडता येते आणि तिची संपूर्ण नक्कल एका पेनड्राइव्हवर मावते. तिचा आकार आजच्या मानाने अगदी लहान असतो. मदरबोर्डवर नाण्याएवढी बॅटरी असते, ती उतरली की मशीन डिस्कचीही ओळख विसरते. म्हणून बायोसच्या पडद्याचा फोटो काढून ठेवा. मार्चअखेरची खतावणी कागदावर काढा, आणि तो कागद रद्दीत घालू नका. चाचांची वही खरी ठरली ती त्या भोकाच्या कागदांमुळे. मशीन नीट चालते आहे ना, मग कशाला, असे जे म्हणतात त्यांना मी वीज पडल्यावरच भेटतो.

संस्थेच्या परवानगीने ती भंगारातली पेटी मी दुरुस्त करून आपल्या शाळेच्या संगणक कक्षात आणून ठेवली आहे. पोर्ट ३७८ वर लावलेले आहे, जुनी डिस्क जोडण्याची वायर सोबत आहे. पुढील चार रविवारी सकाळी दहा ते एक मी तिथे बसेन, आणि चाचांची नातही येणार आहे. ज्यांना आपली वही काढून घ्यायची असेल त्यांनी डिस्क, एखादी जुनी छापील खतावणी आणि प्रोग्रॅम घेतल्याची पावती असल्यास ती घेऊन यावे. काम काय केले त्याची नोंद रजिस्टरात होईल आणि आपली सही घेतली जाईल. कुलूप स्वतःच्या हातात आणा, आणि कृपा करून मशीन चालू असताना ते काढू किंवा लावू नका.